अक्षर माझं, सही वहिनीची

कंधारच्या मोंढ्यात मला दोन नावं आहेत. मालक आणि व्यापारी मला 'मुनीमजी' म्हणतात, आणि हमाल मंडळी माघारी 'कोसला' म्हणतात. हे दुसरं नाव बरीच वर्षं मला बहुमानाचं वाटत होतं.

बी.कॉम. करून १९९२ साली मी आडतीवर मुनीम म्हणून बसलो. त्याच सुमारास नेमाड्यांची 'कोसला' हाती पडली. कादंबरी १९६३ची, म्हणजे तोवर तिला तीस वर्षं होत आली होती. पण मला वाटलं, ती कालच आणि खास माझ्यासाठी लिहून झालीय. देवी अंगात यावी तसा तिचा नायक पांडुरंग सांगवीकर अंगात आला. घरी, बसस्टँडवर, हॉटेलात, 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' घातल्याशिवाय माझं वाक्य पुरं होईना. हळूहळू ते दुकानाच्या पत्रव्यवहारातही शिरलं. नांदेडच्या एका व्यापाऱ्याला मी लिहिलं, की आज ट्रकने मूग वगैरे ८० पोती रवाना केली आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन वाजला. "मुनीमजी, त्यात मूग किती आन् वगैरे किती, तेवढं सांगा." मालकांनी त्या पत्राची स्थळप्रत वर्षभर गल्ल्यात जपून ठेवली होती. आल्यागेल्याला काढून दाखवायचे.

ही चूक निदान हसण्यावारी तरी गेली.

माझी वाचायची तऱ्हा अशी की आधी लेखक ठरवायचा, मग त्याचं सगळं डोक्यावर घ्यायचं, आणि त्या लेखकाला जे पटत नाहीत ते आपल्यालाही पटत नाहीत असं चारचौघांत जाहीर करायचं. 'स्वामी' आणि 'मृत्युंजय' मी आठवी-नववीत रडत रडत वाचल्या होत्या. 'मृत्युंजय' तर जगतुंग तलावाच्या काठावर बसून, अंधार पडेपर्यंत. नेमाड्यांचा झाल्यावर कुणी विचारलं तर "चाळली असेल कधीतरी" म्हणायचो. पोटभर जेवून उठल्यावर अन्नाला नाव ठेवावं, तसलंच हे.

नेमाड्यांच्या 'हिंदू'ची गोष्टही आता सांगून टाकतो. २०१०मध्ये ती आली आणि मी नांदेडला जाऊन, सूट न मागता, घेऊन आलो. मोंढ्यातल्या माणसानं सूट न मागणं म्हणजे काय ते मोंढ्यातल्यालाच कळेल. २०१५च्या फेब्रुवारीत नेमाड्यांना ज्ञानपीठ जाहीर झालं तेव्हा वाचनालयात छोटा कार्यक्रम ठेवला होता. मी 'हिंदू'वर पाऊण तास बोललो. खंडेराव, मोहेंजोदडो, शेतकऱ्याची संस्कृती, सगळं आलं. एका प्राध्यापकांनी नंतर कादंबरीच्या शेवटाबद्दल विचारलं. "शेवट ज्याचा त्यानं वाचावा," असं म्हणून मी चहाकडे वळलो. खूण म्हणून घातलेलं कंधार-नांदेड एसटीचं तिकीट आजही दोनशेदहाव्या पानाशीच आहे. मी ती पुरी केलेली नाही.

वाचनालयाचं नाव इथं घालत नाही, कारण पुढची चूक त्याची नाही. २००३पासून मी कार्यकारिणीवर होतो. पुस्तक खरेदीची यादी येईल तेव्हा माझ्या हातात पेन्सिल असायची. २००९ साली फडताळं ओसंडून वाहायला लागली, तेव्हा फाटकी पुस्तकं बाद करायचं ठरलं. यादी करायचं काम मी मागून घेतलं. दोन रविवार बसलो आणि दोनशेच्या वर पुस्तकं बाजूला काढली. त्यात बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा होत्या, काकोडकर होते, योगिनी जोगळेकर होत्या, आणि सुहास शिरवळकर तर जेवढे होते तेवढे सगळे. कारण लिहिलं 'जीर्ण'. कारण खरं होतं, पण नेमकं तेच मी उलटं वाचलं.

बाद करण्याआधी पुस्तकाच्या मागच्या पानावरची तारखेची चिठ्ठी बघायची असते. ग्रंथपालांनी मला तसं सांगितलंही होतं. शिरवळकरांच्या एका पुस्तकाची चिठ्ठी मला अजून दिसते. जांभळ्या शाईचे शिक्के वरपासून खालपर्यंत, मग समासात, मग आडवे. ती भरली म्हणून तिच्यावर दुसरी डकवलेली, तीही भरली म्हणून तिसरी. चिठ्ठ्यांची जाडी बोटाला लागत होती. कव्हर कधीच गेलेलं, त्या जागी कॅलेंडरचा जाड पुठ्ठा. फाटलेली पानं पिठाच्या खळीनं जोडलेली. कडेला तेलाच्या बोटांचे डाग. बाद. शेजारच्या कपाटात श्याम मनोहरांचं 'उत्सुकतेने मी झोपलो' होतं, साहित्य अकादमी मिळालेलं, कोरं करकरीत. त्याच्या चिठ्ठीवर तीन शिक्के होते आणि तिन्ही माझे. पुस्तक मोठं आहे, त्याबद्दल माझं मत आजही बदललेलं नाही. पण वाचनालय मी एकट्यासाठी चालवत होतो, हे त्या दोन चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या असत्या तर कुणालाही कळलं असतं.

रद्दी किलोवर गेली. मोंढ्यातला एक हमाल संध्याकाळी काटा बंद झाला की वाचनालयात यायचा. सातवीपर्यंत शिकलेला. तो म्हणाला, "मुनीमजी, ते वकिलाचं पुस्तक दिसंना." वकील म्हणजे शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास. मी त्याला समजावलं, की असलं वाचून डोकं बिघडतं. आणि कपाटातली 'कोसला' त्याच्या हातात दिली. दोन दिवसांनी त्यानं ती आणून दिली. "चांगलंय," म्हणाला, "पर ह्यात कायबी होतच नाही की." त्यानंतर तो आला नाही. मोंढ्यात रोज भेटतो, पोतं उचलतो, वाचनालयाचं नाव काढत नाही. 'कोसला' हे माझं नाव त्यानंच पाडलं असावं असा मला संशय आहे.

२०१३च्या पावसाळ्यात 'दुनियादारी' सिनेमा आला. कॉलेजातली पोरं टोळक्यानं वाचनालयात यायला लागली. मूळ कादंबरी पाहिजे, शिरवळकरांची. वर्षानुवर्षं ज्या वयाच्या पोरांना आम्ही 'वाचत नाहीत' म्हणून नावं ठेवली, ती दारात उभी होती आणि पुस्तक मी किलोनं घातलं होतं. ग्रंथपाल काही बोलले नाहीत. त्यांनी नुसती दाखल नोंदवही उघडून 'बाद' या शेऱ्याखालची माझी सही मला दिसेल अशी धरली.

माझी पेन्सिल आता काढून घेतलेली आहे, हे बरं झालं. तुळजापूरच्या देविदास सौदागरांच्या 'उसवण'ला २०२४चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. स्वतः शिलाईकाम केलेला माणूस. तयार कपड्यांनी शिंप्याचा धंदा कसा बसला त्याची कादंबरी. ती मी वाचायच्या आधी आमच्या गल्लीतल्या शिंप्यानं वाचली आणि मला दुकानात बोलावून घेऊन तिच्यात काय काय बरोबर आहे ते सांगितलं. अर्धा तास मी एक शब्द बोललो नाही. मला जमलं ते.

आता मोंढ्याचं सांगतो. हे लिहायला जड जातंय.

भास्कर चंदनशिवांची 'लाल चिखल' मला जवळजवळ पाठ आहे. बापलेक टोमॅटो घेऊन बाजारात जातात, भाव पडतो, कुणी विचारत नाही, आणि बाप संतापून आपल्याच मालावर नाचतो. शाळेच्या पुस्तकातून मराठवाड्यातल्या किती पोरांपर्यंत ती पोचली असेल. मी ती दुकानाच्या गादीवर बसून कितीकदा सांगितली आहे, आणि सांगताना दर वेळी आवाज भरून येतो. खोटं नाही, खरंच येतो. सदानंद देशमुखांची 'बारोमास' वाचली तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नाही. शेतकऱ्यावर लिहिणारा प्रत्येक लेखक मला घरचा वाटायचा. आपण बसतो ती गादी आडत्याची, हे मात्र ध्यानात येत नव्हतं.

डिसेंबर २०१६मध्ये आसाराम लोमटे यांच्या 'आलोक'ला साहित्य अकादमी जाहीर झाला. परभणीचा माणूस, पत्रकारी करून कथा लिहिणारा, शेजारच्या जिल्ह्यातला. मला कोण आनंद. मी किलोभर पेढे आणले आणि मोंढ्यात वाटत सुटलो. नोटाबंदीला दीड महिना होत आला होता. दुकानात रोकड नव्हती; शेतकऱ्यांना पुढच्या तारखेचे चेक देत होतो, आणि माणसं पेठवडज-बारूळकडून तेवढ्यासाठी खेटे घालत होती.

एक मामा हिशेबाची पट्टी घ्यायला उभे होते. सोयाबीन घातलं होतं, अकरा पोती. मी त्यांच्या हातावर पेढा ठेवला.

"कशाचा हो?"

मग मी त्यांना सांगितलं. लोमटे कोण, त्यांच्या कथांत गावगाड्याचं काय काय येतं, 'इडा पीडा टळो' हा आधीचा संग्रह, शेतकऱ्याचं दुःख त्यांनी कसं मांडलंय. पाच-सात मिनिटं तरी बोललो असेन. मामा पेढा तसाच हातात धरून ऐकत होते. एसटीची वेळ झाली होती, ते मधून मधून रस्त्याकडे बघत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "बरं झालं. चांगल्या माणसाला भेटलं." मग पट्टी पुढं केली. "एवढा कडता जरा बघा की मुनीमजी. माल वाळलेला व्हता."

माल वाळलेला होता. मी स्वतः दाणा दाताखाली धरून बघितला होता, कट्‍कन वाजला होता. तरी पट्टीत ओलीचा म्हणून क्विंटलमागे दोन किलो कडता धरला होता. दुकानाचा तसा रिवाज होता. मी तो पाडला नव्हता, पण लिहीत मीच होतो.

मी म्हणालो, "नियम आहे मामा."

त्यांनी पेढा त्या पट्टीतच गुंडाळला, नातवासाठी असावा, आणि चेक वरच्या खिशात घालून ते निघाले. पट्टीला तुपाचा डाग पडत गेला तो मला दिसत होता. गाडी गेली होती. दोन तास ते मोंढ्याच्या दारात बसून होते, आणि मी आत पुढचे पेढे वाटत होतो.

कडत्याबद्दल मी मालकांशी बोललो ते त्यानंतर दीड वर्षानं. इतका वेळ का लागला, तर नोकरी होती. एवढंच.

वहिनीचं प्रकरण याच्याही आधीचं आहे, पण मला ते कळलं सगळ्यात उशिरा.

२००५ साली आमच्या मूळ गावचं सरपंचपद बाईसाठी राखीव झालं आणि दादांनी वहिनीला उभं केलं. उभं केलं, हाच शब्द घरात वापरला जायचा. वहिनी निवडून आली. कारभार दादा बघायचे. ग्रामसेवक आठवड्यातून एखाद्या वारी यायचा, आणि माझं अक्षर मोत्यासारखं म्हणून प्रोसिडिंग लिहायला दादा मला कंधारहून बोलावून घ्यायचे. सभा आमच्या ओट्यावर. सूचक कोण, अनुमोदक कोण, ते सभेआधीच ठरलेलं. लिहून झालं की मी स्वयंपाकघराच्या दाराशी वही धरायचो. वहिनी पदराला हात पुसून पेन घ्यायची.

"भाऊजी, काय लिवलंय, वाचून दावा की."

"कामाचंच आहे वहिनी, सही करा."

ती खाली बसून, वही मांडीवर घेऊन सही करायची. एकेक अक्षर सुटं, आणि शिरोरेघ सगळ्यात शेवटी, डावीकडून उजवीकडे, फूटपट्टीनं ओढावी तशी सरळ. वहिनीला वाचता येत होतं. सातवी झाली होती ती. तिनं वाचून दाखवायला सांगितलं, कारण वही मी दोन्ही हातांनी धरलेली असायची.

त्याच २००५मध्ये कविता महाजनांची 'ब्र' आली. निवडून आलेल्या बायका आणि त्यांच्या नावावर कारभार करणारे पुरुष. महिला सरपंचांच्या कहाण्यांतून जाणारी ती कादंबरी. ग्रंथपालांनी ती खरेदीच्या यादीत घातली होती. मी पेन्सिलीनं फुली मारली. म्हणालो, हे बायकांच्या प्रश्नांचं दिसतंय, पुढच्या वेळी बघू. एका मित्रानं ती वाचायला देऊ केली तेव्हाही घेतली नाही. दोन वर्षांनी 'भिन्न' आली, तीही नाही. माझ्या कपाटात तेव्हा एकाही बाईचं पुस्तक नव्हतं. गौरी देशपांडे नाही, सानिया नाही, मेघना पेठे नाही. बाईनं लिहिलेलं मी वाचत नाही, असं मी कधी म्हटलं नाही. नुसतं वाचलं नाही.

२७ सप्टेंबर २०१८ला कविता महाजन गेल्या. वय अवघं ५१. बातमीत जन्मगाव होतं: नांदेड. परभणीच्या लेखकासाठी मोंढाभर पेढे वाटणाऱ्या मला आपल्या जिल्ह्यातल्या लेखिकेचा पत्ता ती गेल्यावर लागला. त्या आठवड्यात 'ब्र' मिळवली आणि दोन रात्रींत संपवली. दुसऱ्या रात्री मी कथानक वाचतच नव्हतो. मी त्यात दिराला शोधत होतो, चांगलं अक्षर असलेल्या. नंतर ते पुस्तक कपाटाच्या मागच्या रांगेत घातलं, पाठ भिंतीकडे करून.

पुढं २०२२च्या एप्रिलमध्ये उदगीरला पंचाण्णवावं साहित्य संमेलन भरलं. भारत सासणे अध्यक्ष. वहिनीचं माहेर उदगीरच्या बाजूचं, म्हणून तीही निघाली. एसटीचा संप नुकता कुठं मिटत होता, तेव्हा आम्ही काळी-पिवळीत दाटीवाटीनं जळकोटवरून गेलो. ऊन असं, की मांडवाबाहेर माणूस दिसेना. तिथं माझे एक लाडके लेखक पुस्तकांच्या गाळ्यासमोर भेटले. मी त्यांचा हात धरून त्यांच्या कादंबरीतल्या शेवटच्या प्रसंगाचं कौतुक सुरू केलं, म्हातारा बैल विकून रिकामं दावं घेऊन घरी येतो तो. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "तो प्रसंग माझा नाही. पण मलाही आवडतो." वहिनी शेजारीच उभी होती. पुढच्या गाळ्यापर्यंत ती तोंडाला पदर लावून हसत होती.

मग ती थांबली आणि पुस्तकांवरून नजर फिरवत म्हणाली, "भाऊजी, ह्यातलं माझ्याजोगं कोणतं?"

तीस वर्षांत तिनं पहिल्यांदा विचारलं होतं. आणि मीही तोवर कधी एक पुस्तक तिच्या हातात दिलं नव्हतं. समोर 'ब्र' होती. मी पैसे दिले.

तिनं ती सावकाश वाचली. मोतीबिंदूचं ऑपरेशन मध्ये आलं, सोयाबीनची रास आली. दिवाळीला गावी गेलो तेव्हा पुस्तक देवळीत होतं, मध्ये खूण म्हणून अगरबत्तीच्या पुड्याचा कागद. ती करंज्या लाटत होती. वर न बघता तिनं विचारलं, "भाऊजी, ती पाण्याच्या टाकीची सही घेतली तुमी, त्यात काय व्हतं?"

"आठवत नाही," मी म्हणालो. आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत जाऊन जुनं प्रोसिडिंग काढायला लावलं. २००७ सालचं. अक्षर बघून मलाच क्षणभर बरं वाटलं, इतकं सुबक होतं. टाकी खालच्या वस्तीत मंजूर होती. 'सदर जागा तांत्रिकदृष्ट्या गैरसोयीची असल्याने' ती बदलण्याचा ठराव होता. 'तांत्रिकदृष्ट्या' हा शब्द माझा. दादांना तो उच्चारताही येत नव्हता. खाली ती सरळ शिरोरेघ.

घरी येऊन वहिनीला सगळं वाचून दाखवलं, पंधरा वर्षं उशिरा. तिनं लाटणं बाजूला ठेवलं.

"खालच्या वस्तीतल्या बाया मला बोलायच्या बंद झाल्या व्हत्या," ती म्हणाली. "कामून ते आत्ता कळलं."

टाकी अजून आमच्याच गल्लीत आहे.